गवताचा भारा आणि मजुरीचे माप

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. म्हण जुनी आहे आणि कानाला गोडही लागते. पण ती कोणी रचली असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याच्या तोंडी ही म्हण शोभते. जो दुसऱ्याच्या शेतात राबतो, त्याच्या लेखी शेती हीच चाकरी असते, आणि तीही कनिष्ठ. भारतात अशी माणसे थोडीथोडकी नाहीत, कोट्यवधी आहेत. म्हणून 'पुढच्या काळात शेतीत रोजगार राहील काय?' असा प्रश्न आज जेव्हा विचारला जातो, तेव्हा त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: रोजगार राहिला, तर तो कोणत्या अटींवर राहील?

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि डहाणू रोड स्टेशनवर उतरावे. डहाणू आणि तिच्या शेजारची तलासरी या दोन तालुक्यांत शेतमजुरीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास इतका स्पष्ट वाचता येतो की, पुढे काय होईल आणि काय होऊ देऊ नये, याचा अंदाज त्यावरून बांधता यावा.

प्रथम हा मुलूख कसा आहे ते पाहू. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला बोर्डी, घोलवड, चिंचणी, वरोर, वाढवण अशी गावे, नारळी-ताडांची आणि चिकूच्या वाड्यांची. मधून लोहमार्ग गेलेला. लोहमार्गाच्या पूर्वेला जमीन चढू लागते आणि पाड्यापाड्यांनी विखुरलेली आदिवासी वस्ती सुरू होते. वारली सर्वांत अधिक. त्यांच्याबरोबर धोडिया, दुबळा, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरी तालुक्यात शंभरांतले नव्वद लोक आदिवासी आहेत, डहाणूत दहांतले सात. तलासरीचा भाग पूर्वी उंबरगाव तालुक्यात होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत.

इथले मुख्य पीक भात. उताराच्या जमिनीवर नागली आणि वरई. आणि तिसरी गोष्ट, जिला आपण पीक म्हणत नाही पण जिच्यावर इथल्या जमीनदारांनी वाडे बांधले, ती म्हणजे गवत. पावसाळ्यात माळरानावर कमरेएवढे वाढणारे गवत. दिवाळीच्या सुमारास ते कापायचे, वाळवायचे, गठ्ठे बांधायचे आणि मुंबईला पाठवायचे. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी आणि व्हिक्टोरियांचे घोडे हे गवत खात. मुंबईकराच्या चहातल्या दुधाचा एक धागा असा डहाणूच्या माळावर येऊन पोहोचत होता.

हा धागा जोडला तो रेल्वेने. १८६४ साली मुंबईहून गुजरातकडे जाणारा मार्ग सुरू झाला आणि डहाणूच्या जंगलातला साग आणि माळावरचे गवत यांना एकदम बाजार मिळाला. बाजार आला की जमिनीला किंमत येते. पण ही किंमत ज्यांच्या ताब्यात जमीन होती, त्या वारल्यांना कळायच्या आत जमीन त्यांच्या हातून निसटली. सरकारने सारा रोकड मागायला सुरुवात केली; वारल्याजवळ धान्य असे, रोकड नसे. १८७८ च्या जंगल कायद्याने रान राखीव झाले. दळीची शेती गेली, मोहाची फुले वेचायलाही परवाना लागू लागला. दारूचे कायदे आले, कोर्टकचेऱ्या आल्या. जंगलाला लागून राहणारा माणूस कागदाला घाबरतो आणि सावकाराचा सारा धंदाच कागदाचा. पन्नास-साठ वर्षांत जमिनी सावकारांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि जंगलाचे ठेके घेणाऱ्यांच्या नावावर चढल्या. त्याच जमिनीवर वारली कूळ म्हणून राहिला, अर्धेलीने किंवा खंडाने कसू लागला.

आता कूळ आणि मालक हे नाते सगळ्या महाराष्ट्रात होते. मग डहाणूत वेगळे काय होते? इथे कुळाला दोन गोष्टी वर द्याव्या लागत. पहिली वेठ. मालकाच्या खासगी जमिनीवर आधी नांगर धरायचा, आधी लावणी करायची, त्याचे गवत कापायचे, त्याच्या घरची लाकडे फोडायची, आणि हे सगळे फुकट किंवा मूठभर तांदळावर. स्वतःचे शेत मागाहून. पाऊस काही मालकाची लावणी संपेपर्यंत थांबत नाही. तेव्हा कुळाची लावणी उशिरा व्हायची, पीक कमी यायचे आणि आषाढ-श्रावणात पुन्हा त्याच मालकाच्या दारात खावटीसाठी उभे राहावे लागायचे. खावटीचे धान्य सुगीला दीडपट, दुपटीने फेडायचे. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबवणे एकट्यादुकट्याच्या हातात राहत नसे.

दुसरी गोष्ट याहून भयंकर होती. तिला नावच होते, लग्नगडी. तरुण वारल्याला लग्नासाठी पैसे हवेत. शे-दोनशे रुपये सावकार देई. त्या बदल्यात तो आणि त्याची नवी बायको सावकाराच्या घरी राबायला जात. कर्ज कधी फिटेल याचा हिशेब नवऱ्याजवळ नसे, सावकाराच्या वहीत असे. माणूस म्हातारा होई, तरी वही कोरी होत नसे. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासी भागांची पाहणी करून जो अहवाल दिला आणि जो १९३९ च्या सुमारास छापला गेला, त्यात वेठ आणि हे कर्जाचे दास्य यांची सरकारी भाषेत नोंद आहे. म्हणजे सरकारला माहीत नव्हते असे नाही.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घेऊ. १९४० साली डहाणूत रोजगाराचा तुटवडा होता काय? मुळीच नव्हता. जंगल तोडायला माणूस हवा होता, गवत कापायला हवा होता, भात लावायला हवा होता. काम उदंड होते. आणि तरीही काम करणारा उपाशी होता. काम नुसते असून भागत नाही. त्याचे मोल ठरवताना काम करणाऱ्याला 'नाही' म्हणता आले पाहिजे. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्याशी भाव ठरत नसतो. त्याला फक्त हुकूम दिला जातो.

हा नकार १९४५ साली उच्चारला गेला. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांनी पुढाकार घेतलेल्या त्या परिषदेला उंबरगाव भागातून काही वारली पायपीट करून गेले. परत येताना त्यांनी लाल झेंडा बरोबर आणला. मग २३ मे १९४५ रोजी झरी या गावी, म्हणजे आजच्या तलासरी तालुक्यात, वारल्यांची पहिली मोठी परिषद भरली. ठराव साधेच होते, लहान मुलालाही पाठ व्हावेत असे. वेठ करायची नाही. लग्नगडी राहायचे नाही. मालकाच्या खासगी शेतावर काम केले तर रोजची मजुरी बारा आणे, त्याखाली नाही. कोणी मारायला आला तर सगळ्यांनी मिळून सामोरे जायचे. परिषद उठली आणि लोक घरोघर गेले. सावकारांच्या दारातले लग्नगडी त्यांनी आपल्याबरोबर बाहेर आणले. सरकारी अहवालाला जे साधले नव्हते, ते त्या उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर घडू लागले.

गोदावरीबाई पुण्याच्या घरातल्या, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या. पुढे १९७० साली त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आणि साहित्य अकादमीने त्या पुस्तकाचा गौरव केला. वारली लोक त्यांना गोदूताई म्हणत.

पण मला आज विशेषकरून सांगायचे आहे ते त्यानंतरच्या पावसाळ्यानंतर काय झाले ते. गवत कापणीचा हंगाम आला. वारल्यांनी मागणी केली: पाचशे पौंड गवत कापून देऊ, त्याचे अडीच रुपये द्या. पाचशे पौंड म्हणजे आजच्या मापाने सव्वादोनशे किलोंहून थोडे अधिक. ही मागणी वरवर पाहता फक्त भावाची वाटते. पण तिच्यात भावाबरोबर माप आहे, हे नीट पाहावे. तोपर्यंत भारा किती मोठा हे मालकाचा दिवाणजी ठरवी आणि दिवस केव्हा मावळला तेही तोच ठरवी. आता मजूर म्हणत होता, तराजू आणा, वजन करा आणि वजनाप्रमाणे पैसे द्या. निरक्षर माणसाने मांडलेली ही हिशेबाची मागणी होती.

गवताचा स्वभावही या मागणीच्या बाजूने होता. गवत वेळेवर कापले नाही तर वाळून त्याचा कस जातो. एखादी ठिणगी पडली तर सबंध माळ जळून जातो. मालकाला थांबणे परवडत नव्हते. आणि गावेच्या गावे एकदम बसून राहिली, तेव्हा एकेका कुळाला जमिनीवरून हुसकावण्याची धमकीही बोथट झाली. 

या संपात रक्त सांडले. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तलवाड्याला हजारो वारली जमले होते. गोदूताई येणार आहेत, त्यांच्यावर संकट आहे, अशी अफवा उठवून त्यांना तिथे आणले गेले होते. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि तो दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबून थांबून चालला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे ठार झाले. अनेक जखमी झाले. संप तरीही मोडला नाही. माळावर गवत उभे राहिले आणि एकेक करून मालकांना भाव मान्य करावा लागला. पुढच्या वर्षी, १९४६ साली, जंगलतोडीच्या कामावर दिवसाला सव्वा रुपया मजुरीसाठी संप झाला आणि तोही यशस्वी झाला. कार्यकर्त्यांना जिल्ह्याबाहेर घालवून देण्यात आले, माणसे तुरुंगात गेली. पण वेठ परत आली नाही.

यानंतर कायद्यांचा काळ येतो. तो थोडक्यात सांगतो. १९४८ साली मुंबई राज्याचा कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले, असे कायद्याने मानले. ज्यांचे नाव पीकपाण्याच्या नोंदीत होते, त्यांना जमीन मिळाली. ज्यांचे नव्हते, ते मजूरच राहिले. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याची वाट काही प्रमाणात मोकळी झाली. वेठबिगारीविरुद्ध सबंध देशाचा कायदा व्हायला मात्र १९७६ साल उजाडावे लागले. झरीच्या माळावर जे १९४५ साली ठरले, ते दिल्लीत लिहिले जायला एकतीस वर्षे लागली.

महाराष्ट्राने एक गोष्ट मात्र देशाच्या आधी केली. ती रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यभर सुरू झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला. गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि त्यासाठीच्या पैशांचा मोठा वाटा शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कराच्या रूपाने घ्यायचा. म्हणजे बघा, ज्या मुंबईच्या तबेल्यांसाठी डहाणूचा वारली फुकट गवत कापत होता, त्याच मुंबईचा कारकून आता गावच्या बंधाऱ्याची मजुरी भरू लागला. रस्ता, बंधारा, नालाबांध या कामांवर हजेरीपट आला आणि खोदलेल्या मातीचे मोजमाप आले. हमीचा खरा उपयोग मिळालेल्या मजुरीपुरता नव्हता. बांधावर काम मिळते म्हटल्यावर मालकाला 'या भावात येत नाही' असे सांगण्याचे बळ मजुराला मिळाले.

आता किनाऱ्याच्या बाजूला वळू. घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिकू रुजला आणि पारशी, इराणी आणि इतर बागायतदारांनी त्याच्या वाड्या वाढवल्या. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. भातशेतीत मजुराला पावसाचे चार महिने काम. चिकूचे झाड बारा महिने थोडेफार काम देते. फळ खाली पाडून चालत नाही, लांब काठीला जाळी लावून अलगद उतरावे लागते. चीक धुवावा लागतो, प्रतवारी करावी लागते, पेट्या भराव्या लागतात. कोणते फळ उतरायला आले, हे ओळखणारी नजर वर्षांच्या सरावाने येते. ही नजर पाड्यावरच्या बायाबापड्यांजवळ आहे. वाणगावच्या बाजूला मिरची आणि भाजीपाल्याची शेती वाढली, तिथेही तोडणी माणसाच्याच हाताने होते. यंत्र आले की मजूर संपला, असे सरसकट म्हणता येत नाही, ते यासाठी. नांगराच्या जागी लहान ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आले. फळाला हात लावणारा माणूस अजून माणूसच आहे.

मग तलासरीचे तरुण गाव का सोडतात? कारण उतारावरच्या बहुतेक जमिनीला पाणी नाही. भात एकदा निघाले की आठ महिने हात रिकामे. दिवाळी झाली की कोणी वीटभट्टीवर भिवंडी-वसईकडे जातो, कोणी गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातो. त्यांतले काही सागरी हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगातही पोहोचले. कोणी रोज पहाटे वापी, उंबरगाव, बोईसरच्या कारखान्यांत जातो. वीटभट्टीवाला हंगामाआधी हातात उचल देतो आणि मग हंगामभर त्या उचलीचा हिशेब चालतो. वही तीच, फक्त तिच्यावरचे नाव बदलले. १९७६ च्या कायद्याला हा व्यवहार मान्य नाही. पण कायदा भट्टीपर्यंत पायी जात नाही, त्याला कोणीतरी घेऊन जावे लागते.

मुलांचेही असेच. १९५७ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या, तेव्हा त्यांना दिसले की, शाळेत यायच्या वयाची मुले गुरांमागे रानात आहेत. गुरे राखणे हीदेखील शेतीतली एक नोकरीच. ती पोरांकडे होती. या दोघींनी शाळाच कुरणात नेली आणि तिला 'कुरणशाळा' म्हटले. आईबापांबरोबर भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा कुठे न्यावी, हा आजचा प्रश्न त्याच घराण्यातला आहे.

आता पुढे काय? दोन गोष्टी नव्याने घडल्या आहेत. पहिली वाढवण बंदराची. २०२४ च्या जून महिन्यात केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. लाखो रोजगारांचे आश्वासन आहे. किनाऱ्यावरच्या मांगेल्यांचा आणि बागायतदारांचा विरोध आहे. मासेमारी आणि वाड्या हाच त्यांचा रोजगार आहे. दुसरी गोष्ट कामाच्या हमीची. २००५ साली केंद्राने सबंध देशासाठी वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा कायदा केला होता. २०२५ च्या डिसेंबरात त्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला. त्यात दिवस वाढवून सव्वाशे केले आहेत; पण पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत, वर्षात एकूण साठ दिवसांपर्यंत, ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. शेतकऱ्याला मजूर मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. लहान शेतकऱ्याची ओढाताण खरी आहे, आणि तलासरीत तर तो लहान शेतकरी पुष्कळदा आदिवासीच असतो. पण ज्या दिवसांत मजुराच्या हातांना सर्वांत अधिक किंमत यायची, नेमक्या त्याच दिवसांत त्याची 'नाही' म्हणायची सोय आपण काढून घेत नाही ना, हे डहाणूचा इतिहास वाचलेल्या माणसाने विचारलेच पाहिजे.

तेव्हा शेतीतल्या रोजगाराच्या भवितव्याबद्दल कोणी काही सांगू लागले, आकडे मांडू लागले, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात. कामाचे माप कोणाच्या हातात राहणार? भाव पटला नाही तर मजुराला घरी बसता येईल का, की आधी घेतलेली उचल त्याला ओढून नेईल? आणि भात निघाल्यावरच्या आठ महिन्यांसाठी त्याच्या पाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर पाणी, दुसरे पीक, वनहक्काने मिळालेल्या जमिनीवर लावायला झाड, यांपैकी काही आहे का? सूर्या प्रकल्पाचे पाणी आणि कुर्झ्याच्या धरणाचे पाणी याच मुलखातले. ते आधी शेताला की आधी वाढत्या शहरांना, याच्या उत्तरावर इथली कितीतरी माणसे वीटभट्टीवर जायची की नाही, हे ठरणार आहे.

शेतीतले काम संपणार नाही, श्रोतेहो. माणूस जेवतो तोवर कोणीतरी पेरणार, कोणीतरी कापणार. ते काम करणाऱ्याला तराजू मागण्याचा अधिकार १९४५ च्या ऑक्टोबरात पाच माणसांनी जीव देऊन मिळवला. यंत्रे येतील, बंदरे येतील, कायद्यांची नावे बदलतील. तराजू मात्र शाबूत राहिला पाहिजे, आणि तो मजुराला दिसेल अशा जागी टांगलेला राहिला पाहिजे.